मॉडेल रेल्वेतला शॉर्ट शोधताना
शॉर्ट म्हणजे दोन्ही रूळ विजेने थेट एकमेकांना जोडले जाणं. कंट्रोलरच्या (रुळांना वीज देणाऱ्या डब्याच्या) दोन्ही वायरी सोडवा, सगळ्या गाड्या उचला. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वीज जायला वाट असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही रुळांना टेकवा. बीप नाही? मग दोष बहुधा गाडीतच: एका बाजूने इन्सुलेटेड असलेली (एकच चाक आसापासून विजेने तोडलेली) चाकजोडी धातूच्या बोगीत उलटी बसली की शॉर्ट झालाच.

बीप येत असेल तर फीडर (रुळांना वीज पोचवणाऱ्या वायरी) एकेक सोडवा. तरीही थांबत नसेल, तर सांधे पाहा. लाइव्ह फ्रॉगच्या (रूळ फुटतात तिथे आतले दोन रूळ जुळतात त्या, वीज वाहणाऱ्या धातूच्या टोकाच्या) पुढे आतल्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचेच जॉइनर (रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) हवेत.

रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत पितळी रूळ काळवंडतात. त्याने शॉर्ट होत नाही, उलट करंट तुटतो. पण ते घासायला स्टीलवूल मुळीच नको! त्याचे बारीक तंतू सांध्यात अडकतात, इंजिनाच्या मोटरचं चुंबकही ते ओढून घेतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं वापरा.