लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या? या चुका टाळा

चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवर मनगट टेकवलं की बारीक झिणझिण्या येतात, पाय अनवाणी फरशीवर असतील तर जास्तच. मग लोक नवा अडॅप्टर आणतात. तोही तसाच निघतो.

कारण बहुतेकदा दोष अडॅप्टरचा नसतोच. आत २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) असतो, विजेतली खरखर म्हणजे नॉइज दाबण्यासाठी. त्यातून किंचित करंट झिरपतो. तीन पिनी अडॅप्टरमध्ये तो अर्थिंगच्या वायरने निघून जातो. अर्थिंगच नसेल तर बॉडीवर शंभरेक व्होल्ट दिसू शकतात, पण चांगल्या अडॅप्टरमध्ये करंट एका मिलिअँपिअरच्याही आतच राहतो. टेस्टरचा दिवा मात्र तेवढ्यावरही लागतो, म्हणून नुसता टेस्टर लावून घाबरू नका.

प्लगची जाड अर्थिंगची पिन तोडणं किंवा दोन पिनी कन्व्हर्टर लावणं ही तर घरोघरची चूक. ती पिन मुद्दाम लांब असते, म्हणजे अर्थिंग आधी जोडलं जातं. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डही तपासा: वर भोकं तीन आणि आत वायर दोनच, असे बोर्ड सर्रास मिळतात.

सगळ्यात घातक म्हणजे भिंतीवरच्या बोर्डातच अर्थिंग न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या वायरला) जोडून देणं. 'झालं काम' म्हणून वायरमन निघून जातो, झिणझिण्याही थांबतात. पण पुढे कधी मागचा न्यूट्रल सुटला, की चालू असलेल्या पंख्यातून किंवा दिव्यातून फेज (म्हणजे २३० व्होल्टचा दाब) थेट अर्थिंगच्या पिनवर येतो. मग लॅपटॉप, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या बॉडीवर पूर्ण दाब. असा जोड दिसला तर आधी तो काढायला लावा.

वायरमनकडून मीटरने तपासून घ्या: फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. त्यातही टेस्ट लॅम्प (वायर जोडलेला साधा दिवा) फेज आणि अर्थमध्ये लावून पाहिलेला बरा. सुटलेल्या वायरवर मीटर फसवतो, दिवा फसवत नाही. आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) असेल तर या दिव्याने तो ट्रिप होईल, आणि ते चांगलंच लक्षण. जुन्या इमारतीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. त्यात पाणी घालून पुन्हा मोजा.

झिणझिण्यांऐवजी सणसणीत झटका बसला, तर मात्र मेन स्विच बंद करून मगच प्लग काढा आणि तो अडॅप्टर टाकून द्या. बिननावाच्या अडॅप्टरमध्ये वर सांगितलेल्या कपॅसिटरच्या जागी हलका, साधा कपॅसिटर बसवलेला असू शकतो; तो शॉर्ट झाला की २३० व्होल्ट सरळ बॉडीवर. नवा घेताना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि नोंदणी क्रमांक बघून घ्या.