रोजच्या वापराची मातीची भांडी हाताने रंगवताय? या चुका टाळा

शोभेच्या कुंडीला जे चालतं ते वाटीला चालत नाही. वाटीत चिंचेची आमटी येते, लोणचं येतं, मग ती रोज घासली जाते. म्हणून नक्षीआधी विचार करायचा तो रंगाचा: तो ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, वर आहे की खाली?

सगळ्यात घातक चूक म्हणजे भाजलेल्या वाटीवर ॲक्रिलिक रंग लावून वर वॉर्निश मारणं. असल्या भांड्यात खाऊ नका आणि कुणाला भेटही देऊ नका. जेवणाचं भांडं अंडरग्लेझने (ग्लेझखाली लावायच्या रंगाने) रंगवायचं, वर पारदर्शक ग्लेझ द्यायचं आणि भट्टीत भाजायचं. आतली बाजू मी तर कोरीच ठेवते, नुसतं शिसेविरहित पारदर्शक ग्लेझ. ग्लेझच्या डब्यावर 'फूड सेफ' लिहिलेलं असलं तरी ते सांगितलेल्या तापमानाला नीट भाजलं तरच खरं. शंका वाटली तर ग्लेझवर रात्रभर लिंबाची फोड ठेवा. सकाळी तिथली चमक गेली किंवा रंग उतरला, तर ते ग्लेझ आंबटाला टिकणारं नाही. मात्र डाग पडला नाही म्हणजे शिसं नाही, असं समजू नका. ते प्रयोगशाळेतच कळतं.

ग्लेझ जागोजागी गोळा होऊन खालची माती उघडी पडते? बिस्कवर (एकदा भाजलेल्या, अजून ग्लेझ न दिलेल्या भांड्यावर) धूळ किंवा तेलकट बोटं लागलेली असतात. ओल्या स्पंजने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच ग्लेझ लावा. अंडरग्लेझचा थर जाड झाला तरी हेच होतं. ब्रशने ग्लेझ लावताना नक्षी फरफटत असेल, तर आधी ती बिस्कच्या तापमानाला भाजून पक्की करून घ्या. आणि हिरवी पानं भट्टीतून तपकिरी निघाली, तर हात तुमचा चुकलेला नाही: क्रोम असलेल्या हिरव्या रंगावर जस्त असलेलं ग्लेझ पडलंय. बिनजस्ताचं घ्या.

केसासारख्या रेषा कधी भट्टी उघडताच दिसतात, कधी काही आठवड्यांनी. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आणि तडकतं. थर पातळ करून पाहा, नाहीतर ग्लेझमध्ये सिलिका वाढवा. टेराकोटासारख्या सच्छिद्र मातीत या रेषांतून पाणी मुरतं, कपाखाली टेबलावर ओलं वर्तुळ उमटतं. असा कप पेन ठेवायला वापरा, चहाला नको.

कपाचा कान सांध्यात तडकतो तो बहुतेकदा ओलाव्यातल्या फरकाने. कप आणि कान सारखेच ओले असताना जोडा, प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवा. बुडाचं ग्लेझ पुसायला विसरलात तर भांडं भट्टीच्या फळीला चिकटलंच म्हणून समजा. काठाला सोनेरी रेघ ओढली असेल, तर घेणाऱ्याला आधीच सांगा: मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही.