मुलाच्या वतीने बोलणं कसं थांबवायचं

पाहुणे विचारतात, "कितवीत गं तू?" मुलगी मान खाली घालते आणि आई सांगून टाकते, "नववीत. लाजाळू आहे हो आमची." मुलीची धडधड थांबते, आईचं अवघडलेपणही जातं. दोघींना लगेच हायसं वाटतं आणि तिथेच सवय पक्की होते. पुढच्या खेपेला मुलगी आणखी लवकर गप्प बसते, आई आणखी लवकर तोंड उघडते. (पाहुण्यांना इयत्ता कशाला हवी असते, हा वेगळा विषय.)

येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांची 'स्पेस' ही मुलांच्या चिंतेवरची उपचारपद्धत नेमकी इथे बोट ठेवते. तिच्यात उपचारकाकडे फक्त पालक जातात. 7 ते 14 वर्षांच्या मुलांवरच्या चाचणीत ती मुलांना थेट दिलेल्या सीबीटीच्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराच्या) तोडीची ठरली.

आधी आठवडाभर वहीत टिपा, मुलाऐवजी तुम्ही काय काय करता: दुकानात मागणं, क्लासच्या सरांना फोन, तोंडी परीक्षेच्या दिवशी 'पोट दुखतंय'ची चिठ्ठी. त्यातली एकच गोष्ट निवडा, वारंवार घडणारी आणि पूर्णपणे तुमच्या हातातली. 'तिने बोलायचं' हे तुमच्या हातात नाही, 'मी फोन करणार नाही' हे आहे.

मग निवांत वेळ बघून सांगा: "सरांशी बोलताना तुला धडधडतं, कळतं मला. तरी तुला जमेल. सोमवारपासून मी फोन करणार नाही." पहिलंच वाक्य बोललात तर कीव होते, दुसरंच बोललात तर 'त्यात काय घाबरायचं!' असं ऐकू येतं. सुरुवात मेसेजने झाली तरी चालेल, मग घरी सराव करून फोन, मग समोरासमोर.

सुरुवातीला रडारड, आदळआपट वाढते. पाचव्या दिवशी कंटाळून फोन केलात, तर ताणलं की सुटका होते एवढंच ती शिकते. आजीने गुपचूप केला तरी तेच, म्हणून घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा. पाहुण्यांसमोर मनात दहापर्यंत आकडे मोजा. तेवढ्यात उत्तर येऊही शकतं. उलट टोकही नको: चारचौघांत 'म्हण गं गाणं' असा आग्रह धरला, तर भीती खरीच ठरते.

सहा महिने हेच चाललं असेल किंवा शाळा बुडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.