असईचं गाव टेबलावर उभं करायचंय? कटर हातात घ्यायच्या आधीची तयारी

इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्यातली असईची लढाई छोट्या रंगवलेल्या सैनिकांनी टेबलावर खेळायला मांडायची ठरली की सगळ्यांचं लक्ष आधी सैनिकांकडे जातं. ७४ वी आणि ७८ वी हायलंडर पलटण, १९ वे लाइट ड्रॅगून हे इंग्रज घोडदळ, शिंद्यांचे कंपू म्हणजे कवायती फौजा, तोफा, तोफांचे बैल, हे रंगवण्यात महिनेच्या महिने जातात आणि गाव मात्र शेवटच्या आठवड्यात कुठल्यातरी युरोपियन सेटमधली उतरत्या छपराची दोन घरं ठेवून उरकलं जातं. मला ते खरंच बघवत नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला जे झालं त्यात गावांचा वाटा फार मोठा आहे. इंग्रज सेनापती वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती, वाटाडे सांगत होते की पुढे उतारच नाही, म्हणजे पात्रातून चालत पार होण्याजोगी जागाच नाही, पण त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, एक पिंपळगाव आणि दुसरं इंग्रजी कागदांत वारूर म्हणून येतं ते, आणि एवढी जवळ गावं आहेत म्हणजे लोकांची ये-जा असणार, ये-जा असेल तर उतार असणारच, हे त्याने नुसती घरं बघून ताडलं. नंतर त्याच्या उजव्या बगलेची ७४ वी पलटण आणि पिकेटची (पुढच्या पहाऱ्याची) माणसं भरकटून थेट असईभोवतीच्या तोफांसमोर गेली आणि त्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. म्हणजे हे गाव शोभेला नाहीये, ते लढतंय. म्हणून ही यादी.

पहिलं म्हणजे स्केल, आणि ते सैनिकांवरून ठरवायचं, घरांवरून नाही. सैनिक त्यांच्या उंचीवरून ओळखले जातात; २८ एमएमचे सैनिक असतील तर घर साधारण १:५६ धरा, १५ एमएमला १:१००, ६ एमएमला १:३०० च्या आसपास. अख्खी असई केळणा आणि जुई या दोन्ही नद्यांसकट, शंभरावर तोफा आणि मागचं घोडदळ धरून मांडायची असेल तर माझं मत १५ किंवा ६ एमएमच्या बाजूने आहे, पण घर बांधायला शिकायचं असेल तर २८ एमएमसारखं काही नाही, हात बसतो आणि बारीक कामाला जागा मिळते, त्यामुळे पुढची मापं मी २८ चीच देतोय.

स्केल ठरलं की लगेच जमिनीचा हिशोब करा, कारण गडबड इथेच होते. सैनिकाचं स्केल वेगळं आणि जमिनीचं वेगळं. समजा टेबलावरचा १ इंच म्हणजे मैदानावरचे २५ मीटर धरले, तर ३०० मीटर पसरलेलं गाव १२ इंचात बसवायला लागतं, आणि १२ इंच चौकोनात २८ एमएमची पाच-सहाच घरं मावतात. म्हणजे एक घर म्हणजे एक घर नाही, एक आळी आहे, हे आधीच मान्य करून टाका. मग घराची लांबी-रुंदी खऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी केली तरी डोळ्याला कळत नाही, उंची मात्र कमी करू नका, उंची कमी झाली की सैनिक राक्षस दिसायला लागतात. बोळ किमान ५० एमएम ठेवा, म्हणजे सैनिकांच्या पायाखालचा ४० एमएमचा बेस आतून सरकवता येतो. आणि घरं गावाच्या बेसवर चिकटवून टाकू नका, सुटी ठेवा. तुकडी गावात शिरली की एखादं घर उचलून बाजूला ठेवायचं आणि त्या जागी सैनिक उभे करायचे, सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग हाच.

आता घर कसलं? यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कृपया. असई जालना जिल्ह्यात आहे, म्हणजे मराठवाडा, म्हणजे माळवदाची घरं. जाड मातीच्या नाहीतर दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काड्या-पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, सपाट धाबं. बाहेरच्या भिंतीला खिडक्या जवळपास नाहीतच, उजेडाला आणि धुराला छपरात एखादं भोक, पाणी जायला भिंतीतून पुढे आलेली पन्हळ, दारापुढे ओटा. त्या भागात अजून काही जुनी माळवदं उभी आहेत, जमलं तर जाऊन बघा, घरच्यांना विचारून फोटो काढा आणि फोटोत एक माणूस भिंतीला टेकून उभा करा म्हणजे नंतर माप काढता येतं. कोकणातल्या घरांचे फोटो चुकूनही समोर ठेवू नका, जांभा दगड आणि उतरतं छप्पर ही पूर्ण वेगळी दुनिया आहे. इथे दगड काळा, शेतातली माती काळी आणि घराची माती पांढुरकी.

आणि १८०३ मध्ये काय नव्हतं त्याची वेगळी यादी भिंतीवर चिकटवून ठेवा, कारण आजचं गाव बघून बांधायला गेलं की हे हळूच आत शिरतं. मंगलोरी कौलं नाहीत, त्यांचे कारखाने १८६० च्या दशकात सुरू झाले. पन्हाळी पत्रा नाही, त्याचं पेटंटच १८२९ चं. खिडकीला काच नाही. सिमेंटचा ओटा नाही. झाडांत गुलमोहर नाही, ते मादागास्करचं झाड, आपल्याकडे तेव्हा पोचलंच नव्हतं, वेडी बाभूळ नाही, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, आणि रस्त्याकडेला ते पांढऱ्या फुलांचं गाजर गवत तर अजिबात नाही, ते १९५० च्या दशकातलं. कडुनिंब, बाभूळ, चिंच, वड, पिंपळ, आंबा एवढ्यावर सगळं गाव छान उभं राहतं.

मग मापं. खरी भिंत दोन-अडीच फूट जाड धरली तर १:५६ ला ती साधारण ११ ते १४ एमएम येते, म्हणजे ५ एमएमचा फोमबोर्ड एकेरी वापरून चालणार नाही, दोन थर एकमेकांवर चिकटवा, मग दाराच्या चौकटीत जी खोली दिसते तिनेच घर मातीचं वाटायला लागतं. भिंतीची उंची ५५ एमएमच्या आसपास, वर कठडा १२ एमएम, म्हणजे माळवदावर उभा केलेला बंदूकवाला गुडघ्यापर्यंत झाकला जातो. दार अवघड आहे. जुनी दारं खरोखर बुटकी, वाकून आत जायची, पण स्केलप्रमाणे काढलं तर जेमतेम २९ एमएम येतं आणि बेससकट सैनिक ३४-३५ चा असतो, त्यामुळे ३७-३८ घ्या आणि दाराखाली उंबरा दाखवा म्हणजे ते मोठं वाटत नाही. सपाट छपराचा मोठा फायदा हा की छप्पर काढता येण्यासारखं करायची गरजच नाही, सैनिक वरच उभे राहतात, फक्त छपराला उतार देऊ नका, नाहीतर धातूचे सैनिक घसरून रंग उडतो. कठड्याच्या आतली मोकळी जागा आधी बेस ठेवून मोजा. हे सगळं एका पुठ्ठ्यावर उतरवा, एक दार, एक भिंत, एक कठडा असे साचे कापा आणि शेजारी रंगवलेला एक सैनिक कायम उभा ठेवा. त्याच्याकडे बघत बघतच पुढचं काम.

सामानाला एका फेरीत जा. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीचं आणि बोहरी आळीत हार्डवेअरचं बहुतेक सगळं मिळतं, बाकी शहरांत आर्किटेक्चरची मुलं मॉडेलचं सामान जिथून घेतात ते दुकान विचारून काढा. ५ एमएमचा फोमबोर्ड, गावाच्या बेसला ३ एमएम एमडीएफ, साच्यांना ग्रे बोर्ड, स्नॅप ब्लेडवाला कटर आणि ब्लेडचं जास्तीचं पाकीट (बोथट ब्लेडने फोम फाटतो, कापला जात नाही), कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, काटकोन, टाचण्या, फेविकॉल, एम-सील, वॉल पुट्टी, पॉलिश पेपर. तुळयांना खराट्याच्या काड्या आणि अगरबत्तीच्या काड्या, दाराला आइसक्रीमच्या काड्या, गोठ्याच्या छपराला काथ्या. सनबोर्ड घेणार असाल तर लक्षात ठेवा की ते पीव्हीसी आहे, गुळगुळीत भागावर फेविकॉल आणि पुट्टी नीट धरत नाही, आधी पॉलिश पेपरने घासायला लागतं. थर्माकोल मी टाळतो, कडेने दाणे निघतात, पण टेकाडांना आणि नदीकाठाला ठीक आहे. आणि थर्माकोल असो की फोमबोर्डचा आतला फोम, त्यावर स्प्रे कॅनचा रंग किंवा रबर सोल्यूशनसारखा डिंक थेट लावायचा नाही, त्यातलं सॉल्व्हंट फोम खाऊन टाकतं. आधी फेविकॉल-पाण्याचा हात, मग ॲक्रिलिक, मग हवं ते.

काम कधी सुरू करायचं हेही तयारीतच धरा. पावसाळ्यात फेविकॉल आणि पुट्टी वाळायला फार वेळ घेतात, अर्धवट वाळलेल्या थरावर दुसरा थर गेला की आत ओल राहते, बुरशी येते आणि बोर्ड वाकतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम, आणि तेव्हा नुकताच किल्ला केलेला असतो म्हणजे चाळलेली माती, गोणपाट, भुसा घरात पडलेलाच असतो, ज्याने लहानपणापासून किल्ले केलेत त्याला मातीची भिंत कशी ढासळते, पाणी कुठून ओहोळ पाडतं हे वेगळं शिकवायला लागत नाही. बोर्ड वाकू नये म्हणून भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच फेविकॉल-पाण्याचा हात मारा आणि आतल्या कोपऱ्यांना त्रिकोणी आधार लावा.

भिंतीच्या पोताला खरी मातीच वापरा, पण आधी लोखंडी तव्यावर चांगली भाजून घ्या म्हणजे बिया, किडे, बुरशी सगळं जातं, मग चहाच्या गाळणीतून चाळा. पुट्टी, फेविकॉल, थोडी माती आणि पाणी असा दाटसर काला करून बोटाने लावा, ब्रशने नाही, कारण खरी भिंतही हाताने लिंपलेली असते आणि बोटांचे आडवे फटके उमटतात ते हवेच असतात. कडा सगळ्या गोल करा, तीक्ष्ण कोपरा दिसला की घर सिमेंटचं वाटतं. पायथ्याला एक-दोन ठिकाणी लिंपण पडून आतला दगड उघडा दाखवा. रंग मोजकेच लागतात, पिवळट राखाडी मुख्य, तपकिरी छटा, सुक्या ब्रशने वरून जवळजवळ पांढरा, पन्हळीखाली ओल्याचा काळपट ओघळ, ओट्याला सारवलेलं दाखवायला हिरवट तपकिरी, एखाद्या दाराला गेरू-चुन्याचा पट्टा. सगळ्या घरांचा रंग एकाच दिवशी एकाच वाटीत कालवा, नाहीतर प्रत्येक घर वेगळ्या जिल्ह्यातून आणल्यासारखं दिसतं.

महिना विसरू नका. सप्टेंबरचा शेवट, पाऊस सरत आलेला. म्हणजे माळवदांवर गवत उगवलेलं असणार, कठड्याच्या आतल्या कडेने हिरवे झुपके लावा, एवढ्या एका गोष्टीने टेबल बघणारा माणूस थांबतो. बाजरी शेतात उभी, बोळात चिखलाच्या चाकोऱ्या. कडब्याच्या मोठमोठ्या गंजी मात्र नकोत, मागच्या हंगामाचा कडबा तोवर जनावरांनी संपवत आणलेला असतो, एखादी खालावलेली गंजी पुरे.

घरांखेरीज काय लागेल तेही आत्ताच मोजा, नंतर सुचलं की जागा उरत नाही. गावकुसाचे ६ इंची सरळ तुकडे चार-पाच, कोपऱ्याचे दोन, एक तुकडा पडक्या भिंतीचा, म्हणजे तोफ पुढे काढायला जागा मिळते. एक वेस, तिची रुंदी तोफेचा बेस आत जाईल एवढी. छोटं मारुतीचं देऊळ, पिंपळाचा पार, एक आड, गोठा, उकिरडा, थोराचं कुंपण, एक बैलगाडी. असई जुई नदीच्या बाजूला आणि कंपूंच्या डाव्या टोकाला येते, शिंद्यांच्या कंपूंचा सेनापती पोलमन याने फळी फिरवून पूर्वेकडे तोंड केलं त्यानंतर, म्हणून गावाचा पूर्व आणि दक्षिण अंग सगळ्यात जास्त बघितला आणि लढवला जाणार, चांगलं काम तिथे करा. पिंपळगाव आणि समोरच्या गावाला प्रत्येकी दोन घरं आणि एक झाड पुरे, पण ती नदीच्या दोन काठांना अगदी समोरासमोर ठेवा, खेळणाऱ्याला उतार तिथूनच कळला पाहिजे.

शेवटी खोकं. घरं बांधून झाल्यावर शोधू नका, आधी आणा, आणि घराची सगळ्यात मोठी बाजू खोक्याच्या मापावरून ठरवा. तळाला फोम, मध्ये पुठ्ठ्याचे कप्पे, पन्हळी आणि तुळयांची पुढे आलेली टोकं भिंतीबाहेर ५ एमएमपेक्षा जास्त काढू नका कारण प्रवासात तीच आधी तुटतात. सोबत एका छोट्या डबीत चाळलेली माती, कालवलेल्या रंगाची बाटली, फेविकॉल आणि आठ-दहा काड्या ठेवा, खेळाच्या ठिकाणी पोचल्यावर डागडुजी पंधरा मिनिटांत होते.