बाहेरच्या देशातला माणूस कामावर घ्यायचाय? वर्क व्हिसाची फाइल अशी लावा

इंटरव्ह्यू झाला, सॅलरी ठरली, ऑफर लेटर पण गेलं आणि मग एचआरमधलं कोणीतरी विचारतं की अरे, याला व्हिसा लागणार ना? घोडं अडतं ते इथेच. कारण बऱ्याच देशांत आधी कंपनीची परीक्षा असते, माणसाची नंतर. यूकेमध्ये कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे बाहेरचा माणूस घ्यायचा सरकारी परवाना असावा लागतो, तो असेल तरच त्या माणसासाठी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देता येतं आणि ते हातात असल्याशिवाय कँडिडेटचा अर्जच होत नाही. अमेरिकेत एच-१बीसाठी, म्हणजे तिथल्या डिग्रीवाल्या नोकऱ्यांच्या वर्क व्हिसासाठी, आधी लेबर डिपार्टमेंटकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचा कंपनीचा अर्ज) मंजूर करून घ्यायचं, सिंगापूरला बहुतेक केसेसमध्ये मायकरिअर्सफ्युचर या सरकारी जॉब साइटवर किमान १४ दिवस जाहिरात ठेवायची. म्हणून जॉइनिंग डेट कबूल करायच्या आधी हे बघा की आपण स्पॉन्सर करू शकतो का आणि त्याला वेळ किती लागेल.

मग व्हिसाचा प्रकार. माणूस आपल्याच ग्रुपच्या दुसऱ्या देशातल्या ऑफिसातून येत असेल तर ट्रान्सफरचा रस्ता बघा, अमेरिकेचा एल-१ त्यासाठीच आहे, फक्त मागच्या ३ वर्षांत सलग १ वर्ष तरी त्याने अमेरिकेबाहेरच्या ऑफिसात काम केलेलं पाहिजे. एच-१बीचं गणित वेगळं, वर्षाला ६५,००० व्हिसांची मर्यादा (कॅप) आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००, रजिस्ट्रेशन मार्चमध्ये आणि काम सुरू १ ऑक्टोबरपासून. म्हणजे मे महिन्यात मॅनेजर "पुढच्या महिन्यात माणूस हवाय" म्हणत आला आणि कँडिडेट पहिल्यांदाच कॅपमध्ये जाणार असेल तर सरळ नाही सांगा. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर लावलेत, तेव्हा सध्याचा नियम वकिलाकडून तपासूनच बजेट मांडा. आणि "तोवर बिझनेस व्हिसावर बोलावू" हा जुगाड प्लीज करू नका. मीटिंग, बोलणी ठीक, पण क्लायंटकडे बसून रोजचं काम करायला लागला की ते बेकायदा आणि पुढचे अर्जही गोत्यात.

पगाराचा आकडा मार्केट रेटवर ठरवून मोकळं होऊ नका, व्हिसाचा स्वतःचा खालचा आकडा असतो. यूकेच्या स्किल्ड वर्करला जुलै २०२५ पासून साधारण नियम ४१,७०० पौंड किंवा त्या कामाचा ठरलेला दर, यातलं जे जास्त ते. सिंगापूरचा एम्प्लॉयमेंट पास (तिथला प्रोफेशनल्सचा वर्क परमिट) जानेवारी २०२५ पासून महिन्याला किमान ५,६०० सिंगापूर डॉलर, फायनान्समध्ये ६,२००, वय वाढलं की आकडा वाढतो, वर कंपास या तिथल्या पॉइंट पद्धतीत बहुतेकांना ४० पॉइंट जमवायचे. हे आकडे सारखे बदलतात, म्हणून मागच्या वर्षीची एक्सेल शीट उघडून बसू नका, अर्जाच्या दिवशी सरकारी साइटच बघा.

आता खरं काम, कागद. सगळ्यात जास्त केसेस मला वाटतं इथेच लटकतात आणि कारणं अगदी फुटकळ असतात. ऑफर लेटरवर "कन्सल्टंट", फॉर्मवर "सॉफ्टवेअर इंजिनिअर", मॅनेजरच्या सपोर्ट लेटरमध्ये "टीम लीड", लिंक्डइनवर चौथंच काहीतरी, मग अधिकारी विचारणारच की बाबा हा नक्की करणार काय? त्यामुळे कामाचं वर्णन एकदाच नीट लिहा, रोज काय करणार, कोणाला रिपोर्ट करणार, कुठली डिग्री का लागते, आणि सगळे कागद त्यावरूनच काढा. नाव पण तसंच. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मधलं नाव एकीकडे वडिलांचं तर लग्नानंतर दुसरीकडे नवऱ्याचं. अर्जावर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा आणि फरक असेल तर अ‍ॅफिडेव्हिट आधीच जोडून द्या, शंका येईपर्यंत थांबू नका. डिग्रीला अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) लागतं का तेही आताच विचारा, हेग करारातल्या देशांत ते चालतं पण यूएईसारख्या ठिकाणी दूतावासाचं अटेस्टेशन लागतं आणि त्यात वेळ जातो.

फी कोणी भरायची हे ऑफर लेटरमध्येच स्पष्ट लिहा. काही खर्च माणसाच्या माथी मारताच येत नाहीत, यूकेचा इमिग्रेशन स्किल्स चार्ज (स्पॉन्सर कंपनीवर लागणारी सरकारी फी) कंपनीनेच भरायचा, पगारातून कापायचा नाही. एच-१बीची ट्रेनिंग फी पण तशीच.

माणूस आला म्हणजे सुटलो असं नाही. यूकेमध्ये कामाच्या पहिल्या दिवसाआधी राइट टू वर्क चेक, म्हणजे त्याला तिथे काम करायचा हक्क आहे का याची तपासणी करून त्याचा पुरावा ठेवायचा, नाहीतर बेकायदा कामगारामागे पहिल्याच खेपेला ४५,००० पौंडांपर्यंत दंड बसू शकतो. तो जॉइनच झाला नाही किंवा सोडून गेला तर १० वर्किंग डेजच्या आत तिथल्या सरकारला कळवायचं. एच-१बीवाल्याचं ऑफिस दुसऱ्या मेट्रो एरियात हलवणार असाल तर आधी सुधारित पिटिशन (कंपनीचा व्हिसासाठीचा अर्ज), मग सामानाचा ट्रक. मुदतीआधी कंपनीने काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्चही कंपनीचाच. एक्सपायरी ट्रॅकरमध्ये व्हिसासोबत पासपोर्टचीही तारीख टाका, कारण पासपोर्ट आधी संपत असेल तर अमेरिकेत एंट्रीच्या वेळी आय-९४ (किती दिवस राहता येईल याची नोंद) तेवढ्यापुरताच मिळू शकतो, आणि अ‍ॅप्रूव्हल नोटीसवर तीन वर्षं दिसतायत म्हणून एचआर निवांत बसलेलं असतं.