फेल्टचं तोरण: चिकटवू नका, शिवा

दसऱ्याला मान खऱ्या झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचाच. पण एरवी वर्षभर दार ओकंबोकं ठेवण्यापेक्षा फेल्टचं तोरण लावावं. फेल्ट म्हणजे जाडसर कापड, पण ते विणत नाहीत, तंतू एकमेकांत गुंतवून दाबतात. लोकरीच्या फेल्टला ओलावा आणि दाब लागतो, काश्मिरी नमदा, म्हणजे लोकरीचा गालिचा, असाच होतो. क्राफ्टच्या दुकानात मिळतं ते बहुतेक पॉलिस्टरचं, काटेरी सुयांनी टोचून घट्ट केलेलं. उभे-आडवे धागेच नसल्यामुळे कापलेल्या कडेचे दोरे निघत नाहीत. कडा दुमडायची कटकट नाही, त्यामुळे शिवणाचा सराव नसलेल्यालाही हे जमतं.

ठाण्यात जांभळी नाका किंवा नौपाड्याकडच्या स्टेशनरीच्या दुकानांत चौकशी करा. घेताना शीट उजेडासमोर धरा, कुठे विरळ दिसलं तर नको म्हणा. तीन फुटी दारासाठी 1 मिमी जाडीची पिवळी आणि केशरी अशी दोन ए4 शीट लागतात. पानांसाठी 2 मिमीचं एक हिरवं शीट घ्या, पातळ पान मान टाकतं. जुन्या साडीचा साधारण 110 सेंमी लांब काठ आणि भरतकामाचा दोरा घरात असतोच.

आधी फुलं. शीटच्या लांबीत 4 सेंमी रुंद पट्ट्या कापा, एका शीटच्या पाच होतात. पट्टी लांबीत दुमडून मोकळ्या कडेजवळ धावदोरा (सुई वर-खाली काढत घातलेले साधे टाके) घाला. आता दुमडलेल्या बाजूने, अर्ध्या सेंमीपेक्षा थोड्या कमी अंतरावर कात्री मारत जा. मोकळ्या कडेला पाऊण सेंमी मात्र अजिबात कापू नका, सगळं फूल त्यावरच उभं राहतं. मग पट्टी गुंडाळा. सुरुवातीला घट्ट, पुढे किंचित सैल. दर वेढ्याला बुडाशी आरपार एक टाका घ्या. शेवटी बोटांनी पाकळ्या मोकळ्या केल्या की झेंडू फुलतो. अशी सात फुलं करा.

पान 12 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद. शिंप्याच्या खडूने आखा, बॉलपेनची रेघ निघत नाही. पान लांबीत दुमडून दुमडीपासून 2 मिमीवर धावदोरा घाला आणि उघडा, मधली शीर उठून दिसते. अशी सहा पुरेत.

काठ लांबीत दुहेरी करा. दुमडीत पानांची देठं अडकवून खालची कड उलट्या टिपेने (प्रत्येक टाका थोडा मागे येऊन घालत) शिवा, दोन्ही टोकांना अडकवायचे फासे करा. वरून फुलांची बुडं टाचा, दोन फुलांच्या मध्ये एक पान.

ग्लू गनने अर्ध्या तासात होईल, हे खरं. पण ऊन येणाऱ्या दारावर तो गोंद मऊ पडतो, आणि पांढरा गोंद फेल्टमध्ये मुरून कडक डाग पाडतो. टाका सुटला तर पुन्हा घालता येतो.

एक गोष्ट मनापासून सांगते. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून मखरासाठीही फेल्ट वापरलं जातं. पण पॉलिस्टरचं फेल्टही प्लास्टिकच आहे. ते दरवर्षी नवं आणू नका, आणि विसर्जनाबरोबर तलावात किंवा खाडीत तर मुळीच सोडू नका. समई आणि पणतीपासून लांब ठेवा, कारण ते वितळून पेट घेतं. इस्त्री कोमट हवी, तीही वर सुती कापड ठेवून.

धूळ मऊ ब्रशने झाडा. धुवायची वेळ आलीच, तर आधी ओलं पांढरं फडकं प्रत्येक रंगावर दाबून पाहा. रंग लागला नाही तरच गार पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. पावसाळ्यात तोरण काढून पूर्ण कोरडं करा आणि डब्यात सपाट ठेवा. लोकरीचं असेल तर डबा घट्ट झाकणाचा हवा, कसर लागते.