भाड्याच्या घरातला गीझर बंद पडला, पैसे कोणी द्यायचे? या चुका टाळा

पुण्यात घरं भाड्याने लावून देणं हे माझं काम. घर सोडताना डिपॉझिटवरून जी वादावादी होते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा गीझर, एसी नाहीतर आरओ असतो. आणि चुका दरवेळी त्याच.

यादीत नुसतं 'गीझर 1' लिहिणं

लिव्ह अँड लायसन्सच्या (म्हणजे आपल्या नेहमीच्या भाडेकराराच्या) ठरलेल्या मसुद्यात एक कलम असतं: घर आहे त्या स्थितीत सांभाळायचं, नुकसान झालं तर भाडेकरूने भरून द्यायचं, नेहमीच्या वापरातली झीज सोडून. शेवटी वस्तूंची यादी. पंखे 4, ट्यूबलाइट 5, गीझर 1. हा गीझर दोन वर्षांचा की बारा वर्षांचा, ते कुठेच नाही. मग टाकी गळाली की ती झीज की नुकसान, हे ठरवणार कशावरून?

वाकडमधल्या एका फ्लॅटमध्ये हेच झालं. सोसायटीला टँकरचं क्षारयुक्त पाणी. ऐन थंडीत गीझरला खालून धार लागली. घरात लहान मूल. भाडेकरूंनी ओनरना फोन केला, तो उचलला गेला नाही, आणि संध्याकाळपर्यंत नवा गीझर भिंतीवर होता. जुना एक्स्चेंजमध्ये गेला. पुढच्या भाड्यातून पैसे वजा. ओनर म्हणाले, "मला न विचारता? माझा गीझर चांगला होता." चांगला होता की नव्हता, ते दाखवणारी टाकीच आता भंगारात. घर सोडताना ओनरनी तेवढी रक्कम डिपॉझिटमधून कापली, तेव्हा भाडेकरू नवा गीझर उतरवून घेऊन गेले. भिंतीतल्या पाण्याच्या दोन्ही पॉइंटना बूच लावलं नाही. रंगाऱ्याने हात धुवायला मेन व्हॉल्व्ह उघडला आणि पाणी बाथरूममधून हॉलपर्यंत आलं, खालच्यांचं छत भिजलं. त्या छताचा खर्च गीझरपेक्षा जास्त झाला.

लहान मुलासाठी गरम पाणी हवं, हे खरंच. पण दोन दिवस गॅसवर पाणी तापवता येतं. गळक्या टाकीचा फोटो आणि मेकॅनिकने कागदावर लिहून दिलेलं कारण ओनरना पाठवून उत्तर येईपर्यंत थांबायला हवं होतं.

मी चावी देतानाच प्रत्येक वस्तूच्या स्टिकरचा फोटो काढतो: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, बनवल्याचं वर्ष. वस्तू चालू करून छोटा व्हिडिओ घेतो आणि त्याच दिवशी दोघांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घेतो की वयोमानाने बंद पडलेलं ओनरनी करायचं, निष्काळजीपणाने मोडलेलं भाडेकरूने, आणि सर्व्हिसिंग, आरओचे फिल्टर भाडेकरूकडे. क्षाराने हीटिंग एलिमेंट गेलं तर ते मी ओनरकडे धरतो, कारण पाणी सोसायटीचं आहे. हजार रुपयांच्या आतलं काम भाडेकरूने करून टाकावं, वरचं असेल तर आधी विचारावं. आकडा तुम्ही वेगळा ठेवा, पण ठेवा.

एसीचा 'गॅस संपला' म्हणून भाडेकरूकडून पैसे घेणं

एसीतला गॅस वापराने संपत नाही. ती बंद यंत्रणा आहे. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणारा मेकॅनिक पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणारच. जाळी धुणं, वेट सर्व्हिस (पाण्याने आतून धुणं) भाडेकरूची. कॉइल, पीसीबी (सर्किट बोर्ड), कॉम्प्रेसर ओनरचे.

"नोटरी करून टाकू, कशाला खर्च?"

करार नोंदवायचा नाही, नुसता नोटरी करायचा, हा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे एसी दुरुस्तीचं तोंडी काय ठरलं होतं, तेही भाडेकरू सांगेल ते. शहरात नोंदणी फी 1000 रुपये आणि एकूण भाड्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क (डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज गृहीत धरून, ते भाड्यात मिळवून). एवढ्यासाठी ओनर स्वतःची बाजू लंगडी करून घेतात.

फॉरवर्डवर विसंबणं

"गीझर दुरुस्ती भाडेकरूकडे" असा मेसेज फिरत असतो. 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात तसं आहे खरं. पण तो केंद्राचा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. ओनरनी मेसेज दाखवला तर आपल्या अ‍ॅग्रीमेंटमधलं कलम दाखवा.

आणि या किरकोळ

स्वतःचा एसी लावताना भोकं पाडायची परवानगी तोंडी घेऊ नका. ओनरची वस्तू माळ्यावर टाकून स्वतःची लावली, तरी तिची जबाबदारी तुमचीच राहते. फ्रीज महिनाभर बंद ठेवणार असाल तर दार किलकिलं ठेवा, बुरशीचे डाग डिपॉझिटमधूनच जातात. दुरुस्तीचं बिल फ्लॅटच्या पत्त्यावर, वस्तूच्या सिरियल नंबरसकट घ्या.